हात खाली घे

तळेगाव ढमढेऱ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढच्या खोलीत छापखाना आणि मागच्या खोलीत आम्ही तिघं: आप्पा, आई आणि मी. आप्पांचं ट्रेडल मशीन माझ्या जन्माच्याही आधीचं. मोटर चालू केली की त्याचा जबडा उघडायचा, मिटायचा, खटाक-फस्स, खटाक-फस्स, आणि मागच्या खोलीतल्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. पुण्याहून चकचकीत लग्नपत्रिका येऊ लागल्या, चौकाचौकांत फ्लेक्स लागले, आसपासच्यांनी असली मशीनं केव्हाच भंगारात घातली, तरी आप्पा खिळे जुळवत राहिले. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं. उजव्या हाताच्या तीन बोटांनी ते कप्प्यातून एकेक खिळा न बघता उचलायचे आणि ओळ भरत जायची. ती बोटं मी तासन् तास बघितली आहेत. त्यांच्यावर माझं प्रेम होतं, हे आधी लिहून टाकते. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्यावं.

मी बाराखडी पाटीवर शिकले नाही, पत्रकांवर शिकले. कंपन्यांमधले कंत्राटी कामगार, उसाच्या फडातले मजूर, अंगणवाडीच्या बाया, ज्या कुणाला काही म्हणायचं असेल तो आप्पांकडे येई. माणूस बोलायचा, आप्पा ऐकायचे आणि त्याचं गाऱ्हाणं चार ओळींत असं बसवायचे की तो माणूस स्वतःचंच बोलणं ऐकून ताठ व्हायचा. मग प्रूफ निघायचं. आप्पा मोठ्यानं वाचायचे, "बंधूंनो आणि भगिनींनो, उद्गारचिन्ह," आणि मी लाल पेन घेऊन चूक शोधायची. सातव्या वर्षी मला 'शोषण' लिहिता येत होतं आणि 'शेवंती' येत नव्हतं. माझं नावही त्यांनी पत्रकातूनच उचललेलं, क्रांती. गल्लीतल्या बायांना ते जिभेवर बसेना, त्या मला किरांती म्हणायच्या. पण आप्पांसमोर त्याच बाया डोक्यावर पदर घ्यायच्या. दारू नाही, तंबाखू नाही, देवधर्माचं स्तोम नाही, हुंड्याच्या लग्नाची पत्रिका छापायला सरळ नकार. असा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता. सतराव्या वर्षी मी पहिलं पत्रक स्वतः लिहिलं, बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध. आप्पांनी त्यात फक्त दोन अनुस्वार बदलले आणि ते जाड कागदावर छापून दिलं. आईनं त्याच्या घड्या घातल्या.

आई कासुर्डीची. तिच्या माहेरी झेंडू आणि शेवंती, त्यामुळे तिच्या हाताला कात्रीची चांगली सवय. तळेगावात ती शकूमावशीच्या शेडवर कोथिंबीर-मेथीच्या जुड्या बांधायला जायची. शकूमावशी आमच्या शेजारची, भाजी पॅक करून पुण्याला पाठवायची आणि आठ-दहा बायांना कामाला ठेवायची. आई कमी बोलायची, पण तिच्या हाताला चव होती. शेंगदाण्याची आमटी, बाजरीची भाकरी, खलबत्त्यात कुटलेला ठेचा, आणि बाजाराच्या दिवशी हुलग्याची शेंगोळी. ती मात्र कधीकधी भाकरी कुस्करून, आमटीत भिजवून, बोटांनी अगदी मऊ करून खायची. असा काला ती दोन-दोन, तीन-तीन दिवस खायची. लहानपणी शाळेत 'माझी आई' या निबंधात मी लिहिलं होतं, माझ्या आईला काला फार आवडतो. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

आता लिहिताना वाटतं, त्या निबंधात सगळं होतं. चावता येत नसलेली माणसं काला खातात. आणि ट्रेडल कधीकधी कागद न घालताच चालायचं. मला ते ठाऊक होतं, कारण कागद असला की आवाज जड येतो आणि कागद नसला की लोखंड लोखंडावर वाजतं. मी ओट्यावर प्रूफ घेऊन बसलेली असायची. आतून आप्पांचा आवाज यायचा. एरवी घरात तेही आमच्यासारखंच हाय-न्हाई बोलायचे, पण राग आला की त्यांची भाषा शुद्ध व्हायची, पत्रकासारखी. "तुला मध्ये बोलायला कोणी सांगितलं? सरळ उभी राहा. हात खाली घे." मग मोटर सुरू व्हायची, पेले किणकिणायचे, रिकामं लोखंड वाजत राहायचं. नंतर आई बाहेर येऊन भांडी घासायला बसायची. गाल सुजलेला असला की म्हणायची, "मशीनचा दांडा लागला." मी लाल पेनानं वेलांटी दुरुस्त करत असायची. मी ऐकत होते, आणि ऐकलेलं कुठंतरी ठेवून देत होते. कुठं, ते मला एकोणिसाव्या वर्षी कळलं.

त्या वर्षी मी दौंडला कॉलेजला होते. रोज जीपनं न्हावऱ्यापर्यंत, तिथून एसटीनं चौफुला आणि पुढं दौंड. स्टेला माझ्या बाकावर बसायची. तिचे वडील रेल्वेत गार्ड, घर रेल्वे कॉलनीत, आणि ती दर रविवारी चर्चमध्ये गायची. तिच्या हार्ड डिस्कवर एक इंग्रजी पिक्चर होता, अमेरिकेतल्या एका काळ्या गायिकेच्या आयुष्यावरचा. मी स्टेलाला विचारलं, हे सोल सोल म्हणतात ते काय असतं? ती म्हणाली, "चर्चमधलं गाणं देवाला सोडून माणसांना सांगायला लागलं की सोल होतं." त्या बाईचा बाप प्रवचनकार. ती लहानपणी बाकावर उभी राहून गायची आणि म्हाताऱ्या बाया रडायच्या. पुढं सगळा देश तिच्या गाण्यावर मोर्चे काढायला लागला. तिची पहिली रेकॉर्ड ज्यानं काढली, तिला जगापुढं आणलं, त्याच्याशीच तिचं लग्न झालं. आणि तो तिला मारायचा, दौऱ्यावर, हॉटेलात, स्टुडिओत. मी तो पिक्चर स्टेलाच्या घरी दोनदा पाहिला आणि पेटून उठले. हे आपल्या बायांनी बघितलं पाहिजे, असं ठरवूनच घरी गेले.

आप्पांना कल्पना फार आवडली. "महिला दिनाला लावू," ते म्हणाले. "पर इंग्रजी कुणाला कळतंय हितं?"

"मी माईकवर सांगत जाईन. त्यो बोलला की मी मराठीत बोलणार."

"वा! मग लिहून काढ समदं. मी तपासतो."

मी आठ दिवस बसून सगळे संवाद आमच्या बोलीत उतरवले, वाया गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर. गायिकेचा बाप 'व्हय गं माझे लेकी' म्हणायचा, तिचा नवरा 'ऐक की गं' म्हणायचा. आप्पांनी सगळं वाचलं, हसले, दोन जागी 'फक्कड' असं लिहिलं. स्टुडिओतल्या मारहाणीचा भाग आला तसा त्यांनी लाल पेन उचलला आणि सगळ्या पानभर उभी रेघ मारली. बाजूला लिहिलं, 'येथे भाषांतराची गरज नाही. चित्र बोलते.' मला ते पटलं. किती नेमकं सुचतं यांना, असं मी स्वतःशी म्हटल्याचंही आठवतं.

शकूमावशीच्या शेडमध्ये भर दुपारी पिक्चर लावला. अंधार व्हावा म्हणून चारी बाजूंना ताडपत्र्या सोडल्या होत्या. वर पत्रा तापलेला, खाली ओल्या कोथिंबिरीचा वास, भिंतीला क्रेटच्या थप्प्या. पांढरी चादर ताणून बांधली होती. प्रोजेक्टर दोन क्रेटवर ठेवून त्याच्याशेजारी आप्पा उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. पन्नासेक बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. आई पुढच्या ओळीत, शकूमावशीच्या शेजारी. मी चादरीच्या कडेला माईकपुढं.

सुरुवातीला बाया पिक्चरपेक्षा मलाच हसत होत्या. चर्चमधली लहान मुलगी गायला लागली तशा गप्प झाल्या. मग पुन्हा सुरू. तरणा नवरा पियानोवर बसून गोड बोलायला लागला तशी मागून कुणीतरी म्हणाली, "लय लाडीगोडी लावतंय गं भाड्या, बघ पुढं!" शकूमावशी ओरडली, "पोरी, जाऊ नगंस त्याच्यासंगं!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. तोंडावर पदर धरून आईपण हसत होती. मी तिला इतकं हसताना क्वचित पाहिलं होतं. मला फार अभिमान वाटत होता, तिचा, माझा, आप्पांचा, सगळ्यांचाच.

स्टुडिओचा भाग आला. काचेच्या पलीकडे ती गात होती, तो काचेच्या अलीकडे. तिचा सूर त्याला आवडला नाही. तो उठला, काचेपलीकडच्या खोलीत गेला आणि बोलायला लागला. मी पान उलटलं. पानावर लाल उभी रेघ. मी गप्प राहिले.

"काय म्हणतोय गं किरांते?" मागून आवाज आला.

"सांग की! झोपली का काय?"

"बोलतोय ना त्यो, त्वांड हालतंय त्याचं. काय म्हणतोय?"

चादरीवर खाली इंग्रजी ओळ आली असणार. मी ती वाचली नाही, रेघेखालचं माझं भाषांतरही नाही. त्या माणसाचा हात वर गेलेला दिसत होता, पन्नास बाया विचारत होत्या, आणि माझं तोंड माईकपाशी होतं. मी बोलले. माझ्या आवाजात, पण भाषा आमच्या बोलीतली नव्हती.

"तुला मध्ये बोलायला कोणी सांगितलं? सरळ उभी राहा. हात खाली घे."

पुढच्या ओळीत आईनं तोंडावरचा पदर सोडला. दोन्ही हात खाली घेतले, मांडीवर सरळ ठेवले, मान ताठ केली आणि डोळे मिटले.

चादरीचा उजेड तिच्या तोंडावर पडत होता. ती गाल पुढं करून वाट बघत बसली होती. शकूमावशीनं तिच्याकडं बघितलं. मग तिच्या पलीकडच्या बाईनं. मागच्या बाया गुडघ्यांवर उठून बघायला लागल्या. चादरीवर त्या माणसानं मारलं, स्पीकरमधून चापटीचा आवाज आला, आणि आई दचकली. मग तिनं डोळे उघडले, आपण कुठं आहोत ते तिला दिसलं, आणि तिनं जमिनीकडं बघितलं.

मग बायांच्या माना एकेक करून मागं वळल्या, प्रोजेक्टरच्या दिशेनं.

आप्पांनी वायर उपटली. चादर काळी झाली. ताडपत्रीच्या फटीतून येणाऱ्या उजेडात ते बायांमधून वाट काढत आले, कुणाच्या पायावर पाय देत आले. माझ्यापुढं उभे राहिले. स्पीकरची वायर वेगळी होती, माईक चालूच होता, त्यामुळे आमचं बोलणं सगळ्या शेडला ऐकू गेलं.

"हे वाक्य चित्रपटात आहे?"

"न्हाई, आप्पा."

"मी खोडलं होतं की नव्हतं?"

"खोडलं हुतं."

थप्पड इतकी जोरात बसली की माझा कान माईकच्या दांड्यावर आपटला आणि स्पीकर किंचाळला. तोवर आप्पांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं. मी दोन्ही हात तोंडापुढं धरले. आप्पा म्हणाले, "हात खाली घे." अगदी शांतपणे. ते माझे हात धरून खाली ओढायला लागले तेव्हा आईनं मागून त्यांचा सदरा धरला. "तिला न्हाई," ती म्हणाली. "तिला न्हाई मारायचं." त्यांनी मागं न बघता कोपर मारलं. ते आईच्या तोंडावर बसलं. ती थप्पीवर कोसळली, क्रेट तिच्या अंगावर आले, आणि ती उठून बसली तेव्हा हनुवटीवरून रक्त गळत होतं आणि तळहातावर दात होता. ती त्या दाताकडं बघत बसली.

माईकचा दांडा लोखंडी होता, खाली जड थाळीसारखं बूड. मी तो उलटा उचलला. आप्पांचा उजवा हात क्रेटच्या कडेवर टेकलेला होता. पहिला घाव मी रागानं घातला. दुसरा आईच्या दातासाठी. तिसऱ्याला माझ्याकडं कारण नाही. आप्पा तेव्हा गुडघ्यांवर आले होते, हात काढून घ्यायला बघत होते, आणि मी त्यांच्या मनगटावर पाय देऊन तो घाव घातला. बोटं मोडल्याचा आवाज मला माईकशिवाय ऐकू आला. आणि मला बरं वाटलं. मी आजवर जे जे लिहिलंय त्यात हे वाक्य टाळत आले. अन्यायाविरुद्ध पानंच्या पानं लिहिणारी मी, पण त्या तिसऱ्या घावाबद्दल मी कुठल्याही पत्रकात लिहू शकले नाही. कारण तो कुठल्याच अन्यायाविरुद्ध नव्हता. तो बाप खाली पडलाय म्हणून घातलेला होता.

चौथ्यासाठी दांडा वर गेला तेव्हा शकूमावशीनं मला कमरेला धरून मागं ओढलं. "बस कर, पोरी. मरंल त्यो." तोवर बाकीच्या बाया उठल्या होत्या. कुणी चपलेनं, कुणी लाथेनं, एकीनं मेथीच्या जुडीनं. मेथीच्या जुडीनं मारणारी बाई रडत होती, आणि मारणं तिच्या घरच्या कुणाला तरी चाललं होतं, हे कुणालाही कळलं असतं. आप्पा कोथिंबिरीच्या चिखलात मुटकुळं करून पडले होते. दोन्ही हात तोंडापुढं धरले होते त्यांनी, मोडलेलाही. ते खाली घ्यायला त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्यांना शिरूरच्या दवाखान्यात नेलं. काय झालं विचारल्यावर शकूमावशी म्हणाली, "क्रेटची थप्पी पडली." सोबतच्या दोघी म्हणाल्या, थप्पी पडली. आणि आप्पाही म्हणाले, "हो, थप्पी पडली." मशीनचा दांडा लागला, त्याच सुरात.

आई आणि मी त्या संध्याकाळीच कासुर्डीला गेलो. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, फुलांच्या क्रेटवर पाणी मारत होता. तिचं तोंड बघून त्याच्या हातातली नळी गळून पडली. पण चहा होईतो तो सावरला. "ऱ्हा की ताई, घर तुझंच हाय," तो म्हणाला. "मी दाजींना फोन करून सांगतो. दाजी बी मोठा माणूस हाय, लोकांत त्यांची आब हाय. झालं त्ये झालं." आईनं चहा अर्धा ठेवला आणि मला म्हणाली, "दौंडला कुणीतरी हाय म्हणलीस ना तुझं?" ती एवढंच बोलली. आम्ही स्टेलाकडं गेलो आणि पुढं दौंडलाच राहिलो. आज ती तिथं खानावळ चालवते, कॉलेजची चाळीस पोरं तिच्या हातचं जेवतात. आप्पा तळेगावातच आहेत. तीन बोटं वाकडी जुळली, खिळा उचलता येत नाही. ट्रेडलवर चादर टाकलेली आहे. मी वर्षातून दोनदा जाते, आम्ही समोरासमोर बसतो, ते माझं छापून आलेलं वाचतात आणि डाव्या हातानं लाल खुणा करतात. खुणा बरोबर असतात.

पण मला सांगायचं आहे ते स्टेलाच्या घरातल्या एका दुपारचं. आम्हाला तिथं येऊन पंधरा दिवस झाले होते. आईच्या ओठाचे टाके निघाले होते आणि ती एका बाजूनं भाकरी चावून खायला लागली होती, हळूहळू, पण चावून. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "त्यो पिक्चर अर्धाच ऱ्हायला."

"कशाला आई, जाऊ दे."

"ती बाई पुढं गाती का न्हाई, त्ये तरी बगू."

लॅपटॉप चटईवर ठेवला. बाहेर मालगाडीची शंटिंग चालली होती, डबे आपटत होते. आई म्हणाली, जिथं बंद पडला तिथनं लाव. काच, स्टुडिओ, तो माणूस उठला. मी म्हटलं, "पुढं ढकलते." तिनं माझा हात बाजूला केला. माणूस काचेपलीकडच्या खोलीत आला, बोलला. आईनं विचारलं, "हितं खरं काय म्हणतोय त्यो?"

ती ओळ मी आधी उतरवून काढली होती, पण नीट वाचली त्या दुपारी पहिल्यांदा. त्यानं मागं वळून दुसऱ्याच कुणाला तरी सांगितलं होतं.

"दार लावून घे, म्हणतोय."

"आप्पा बी म्हणायचे," आई म्हणाली. "तू ल्हान व्हतीस तवा."

त्या माणसानं मारलं. पुढं काय, ते मी सांगायला लागले, तशी ती म्हणाली, "नगं सांगू. कळतंय मला." चादरीएवढ्या मोठ्या पडद्यावर जी बाई मार खाऊन अंधारात गेली होती ती आता वहीएवढ्या लॅपटॉपवर उठली, ओठ पुसला, दार उघडून बाहेर आली आणि खूप वेळानं गायला लागली. मी गाण्याकडं बघितलं नाही. मी आईकडं बघत होते. मार बसला तेव्हा तिचे दोन्ही हात झटकन वर गेले होते, तोंडापुढं. गाणं संपलं, पिक्चर संपला, पांढरी नावं वर सरकायला लागली, बाहेर डबे जोडले गेले आणि गाडी निघाली, तरी ते तिनं खाली घेतले नव्हते.